बोल्ट माझ्याकडे, काडतुसं त्याच्याकडे

मूल झोपलं की बाकीच्या आया झोपतात. मी कान देऊन पडून राहते. गेले काही दिवस तर एका आवाजानं झोपच उडवली होती. खट्… सर्र… खटाक्. सासऱ्यांच्या जुन्या लष्करी रायफलचा बोल्ट, काडतूस आत सारणारा तो दांडा, कुणी मागे ओढून पुढे सारावा, तसा.

सासरे आमच्या मुलीच्या जन्माआधीच गेले. लढाईत उजव्या हाताची तर्जनी गेली, तरी मधल्या बोटानं चाप ओढायचे म्हणे. रायफल बैठकीच्या भिंतीवर आहे, पण बोल्ट काढलेली. तो माझ्या कपाटात. काडतुसं नवऱ्याच्या दुकानातल्या तिजोरीत.

"आपलं एकमत झाल्याशिवाय ही चालायची नाही," नवरा म्हणायचा, "म्हणजे कधीच नाही!"

संशय अर्थातच त्याच्यावर. रायफल पुसताना त्याचा चेहरा असा काही मायाळू होतो, की मी तेवढ्यापुरती सवत होते.

आज दुपारी तो दुकानात गेल्यावर मी कपाट उघडलं. मुलीच्या जुन्या झबल्यात गुंडाळलेला बोल्ट होता तिथेच होता. फक्त बोटांना ताजं तेल लागलं. आणि लोखंड कोमट होतं… आत्ताच कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखं.

बोल्ट हातात धरूनच मी फोन लावला. "माझ्या कपाटाची किल्ली घेतली होतीस ना?"

"मी? अगं, मीच तुला विचारणार होतो… काडतुसांचा डबा रिकामा आहे. तू घरी नेलीस?"

एवढ्यात आतल्या खोलीतून तोच आवाज आला. खट्… सर्र…

बोल्ट तर माझ्या हातात होता.

मुलगी कॉटपुढे एका गुडघ्यावर बसली होती, मिटलेली छत्री खांद्याला लावून. फ्रॉकच्या खिशातून एकेक काडतूस काढून छत्रीच्या घडीत अंगठ्यानं दाबत होती. खरी काडतुसं, पितळी. मग तिनं न दिसणारा दांडा पुढे सारून खाली पाडला. खटाक्.

उजवी तर्जनी तिनं तळव्यात मुडपून घेतली होती. मधलं बोट छत्रीच्या मुठीवर.

"चिमणे… कुणी शिकवलं हे?"

छत्रीचं टोक माझ्याकडे वळलं. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या किंचित वरून, मागे.

"आजोबांनी," ती कुजबुजली. "पण ते आता कॉटखाली लपलेत… आई, तू जरा बाजूला हो ना."