येळवीच्या तळ्याची मोजदाद

तळ्यातली मासोळी सगळी न धरता मोजायची, हे रेणुकादासचं सरकारी काम. निजामी राजवटीची ती शेवटची वर्षं. मासळीचं नवं खातं निघालं होतं आणि तळ्यांत मोठ्या माशांची पिल्लं सोडायचं घाटत होतं. पण त्या पिल्लांना खायला बारीक मासोळी किती आहे, हे आधी कळायला हवं. ते सांगू शकेल असा माणूस नांदेडच्या कचेरीत एकच होता, असं निदान त्या माणसाचं स्वतःचं मत होतं.

रीत सरळ होती. जाळ्यात आलेल्या दोन-तीनशे मासोळ्यांच्या शेपटीला कात्रीनं बारीक खाच पाडायची आणि त्या परत सोडायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळं टाकायचं. आलेल्या मासोळ्यांत दहात एक खाचेची निघाली, तर तळ्यात सोडलेल्यांच्या दहापट मासोळी आहे. चौथीतल्या पोरालाही पटावं असं हे गणित. रेणुकादास ते हैदराबादला जाऊन दोन वर्षं शिकून आला होता आणि ते दोन वर्षं शिकावं लागतं असंच सगळ्यांना सांगायचा.

मग रत्नम्मा आली.

ती देगलूरकडची भोईण, पन्नाशीची विधवा. जाळं ओढायला म्हणून तिला रोजानं घेतलं होतं. गेल्या उन्हाळ्यात एका तळ्यावर रेणुकादासनं एकतीस हजार असा अंदाज दिला. काठावर बसलेल्या या बाईनं मनगटापर्यंत हात पाण्यात घातला आणि सव्वीस हजार सांगितले. पुढं बांधाच्या दुरुस्तीसाठी ते तळं उपसलं, मासळी पाट्यांनी मोजली, ती सव्वीस हजारांच्या वर शंभरसुद्धा भरली नाही. खात्याचे वरिष्ठ जहांगीर साहेब खूश झाले. त्यांच्या पत्रात अडीच ओळी रत्नम्माच्या कौतुकाच्या होत्या आणि रेणुकादासबद्दल एवढंच, की त्यानं तिला सोबत नेत जावं.

तेव्हापासून त्याला जेवण गोड लागेना. एखाद्या विद्वानानं मात केली असती तर त्यानं मान तुकवली असती. पण ही बाई! हिला शंभराच्या पुढं लिहिता येत नव्हतं. एकटा असला की तोही पाण्यात हात घालून बसायचा. हात गार पडायचा, बाकी काही नाही. तिलाच का कळतं, मला का नाही, या एका विचारानं तो आतून जळत होता.

माघात ते बिलोलीजवळ येळवीच्या तळ्यावर आले. नांदेडच्या मोठ्या जागेसाठी कुणाची शिफारस करायची, ते साहेब या तळ्यावरच ठरवणार होते. पाणी हिरवट, स्वच्छ. काठावर उभं राहिलं तरी मासोळ्यांचे थवे दिसत. रत्नम्मानं पायरीवर बसून हात घातला. या खेपेला तिनं बराच वेळ लावला.

"एक," ती म्हणाली.

"एक काय? हजार? लाख?"

"एकच हाय, साहेब."

रेणुकादासला हसू आवरेना. कित्येक महिन्यांत तो इतका मोकळा हसला नव्हता. नावेवरच्या करीमनं सहज जाळं फेकलं, त्यातच तीनेकशे मासोळ्या फडफडत होत्या.

"ही बघ तुझी एक!" त्यानं त्यातली एक उचलली, तिच्या शेपटीला डावीकडं तिरकी खाच पाडली आणि सगळ्यांदेखत ती पाण्यात सोडली. "आज दुसऱ्या कुणाला खूण करायचीच नाही. रत्नम्माची एक मासोळी, तिलाच उद्या शोधू."

भोई हसले. रत्नम्मा हसली नाही. तिनं हात पदराला पुसला आणि ती पाण्यापासून लांब जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करीमनं जाळं ओढलं. चारशे बारा मासोळ्या आल्या. रेणुकादासनं वरची उचलली. शेपटीला डावीकडं तिरकी खाच.

नशीब म्हणायचं, असं वाटून त्यानं दुसरी उचलली. तिलाही खाच. तिसरीला, चौथीला. टोपलीच्या तळातून काढली तिलाही. कात्री जराशी घसरली होती, त्याचा बारीक ओरखडासुद्धा प्रत्येकीवर त्याच जागी होता.

त्यानं चारशे बाराच्या चारशे बारा पाहिल्या. बोटांना खवले चिकटले होते आणि ऊन डोक्यावर आलं होतं.

गणित त्यानं केलं नाही. ते आपोआपच झालं. आलेल्या सगळ्याच खाचेच्या, म्हणजे तळ्यात सोडल्या तेवढ्याच. आणि त्यानं सोडली होती एक.

"साहेब, ये अच्छा नै लगरा," करीम हलक्या आवाजात म्हणाला.

"तोंड बंद ठेव. टोपली पाण्यात रिकामी कर."

त्याला भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. त्याची रीत, त्याची कात्री, त्याची हैदराबादची दोन वर्षं, सगळी त्या बाईच्या बाजूनं साक्ष देत होती.

दुपारी चारला साहेबांची मोटार आली. रेणुकादासनं पाण्याकडं न बघता ठणकावून सांगितलं, "चौऱ्याऐंशी हजार."

"बहोत खूब," साहेब म्हणाले. "अम्मा, तुम बोलो. कित्ते हैं?"

रत्नम्मा पायरीवर बसली. हात बुडवला आणि एकदम दचकून तिनं रेणुकादासकडं पाहिलं.

"चौऱ्याऐंशी हजार," ती म्हणाली.

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. जागा तुमची, म्हणाले. मोटार गेली. सामान पोचवायला करीम आणि भोई तिच्यामागून गावाकडं गेले.

जागा मिळाली होती, पण आनंद काही होईना. ती जागा त्याला या बाईनं भीक घातल्यासारखी दिली होती.

"खोटं का बोललीस?"

"न्हाई बोलले. दुपारपावेतो एक होतं. तुमी आकडा बोललात, तितकं झालं." ती पाण्याकडं बघत होती. "आता इतक्या तोंडांनी काय खावं?"

"थापा मारू नकोस. तुला काही कळत नाही. आमचे चेहरे बघून सांगतेस." त्याचा आवाज चिरकला. "हात पाण्यात ठेव आणि पाठ कर. मागं बघायचं नाही."

तिनं तोंड बांधाकडं केलं. एक हात मागं पाण्यात.

"किती?"

"चौऱ्याऐंशी हजार."

तो आवाज न करता दहा पावलं पलीकडं गेला, बाही वर केली आणि पाण्यात हात घातला.

"आता?"

"चौऱ्याऐंशी हजार आन् एक."

त्यानं हात काढला.

"आता?"

"चौऱ्याऐंशी हजार."

पुन्हा घातला. "आन् एक." काढला. "चौऱ्याऐंशी हजार."

तिला कळत होतं. खरंच कळत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या खेपेला त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच राहू दिला. मासोळ्या आल्या. पहिल्यांदाच आल्या. बोटांभोवती फिरल्या, हलकेच तोंडं लावून गेल्या.

त्यानं हात काढला. रुमालानं एकेक बोट पुसलं. पाच पायऱ्या चढून तो उन्हातल्या कोरड्या दगडावर उभा राहिला.

"आता?"

"आन् एक."

त्यानं आपला कोरडा हात डोळ्यांसमोर धरला.

"पुरे की साहेब," पाठमोरी रत्नम्मा म्हणाली. "काढा आता हात भाईर."