चिवड्याचा पंक्तिप्रपंच

बारा उंदरांनी जे खाल्लं, तेच एका सशानेही खाल्लं. उंदीर टुणटुणीत राहिले, ससा मात्र मलूल होऊन कोपऱ्यात बसला. खाणं तेच, खोली तीच, मग असं का व्हावं? केतकीला हे कोडं पडलं तेव्हा तिला धड रडताही येईना, कारण सशाला ते भरवणारी तीच होती.

चंद्रावरच्या वसाहतीतली ही गोष्ट. तिथे माणसं एकोणतीस, पण पोर एकच, अकरा वर्षांची केतकी. आई पृथ्वीवर, तिला यायला अजून वर्ष होतं. जवळ होते ते आजोबा, डॉक्टर ओगले, रक्तवाहिन्यांचे शास्त्रज्ञ. पण आबा एकदा का प्रयोगशाळेत शिरले, की त्यांना तहानभुकेची शुद्ध नसे. "तू बस जेवायला, मी आलोच," म्हणायचे. आता मोठ्या माणसांचं ‘आलोच’ किती लांबतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे!

एकटीला घास उतरेना. मग केतकी डबा घेऊन प्राण्यांच्या खोलीत जाऊ लागली. तिथे होता चिवडा, तपकिरी ठिपक्यांचा, वसाहतीतला एकुलता एक ससा. तोही एकटाच. वाढपी नावाचा यंत्रमानव उंदरांना प्रयोगाचं तुपकट खाणं घालायचा आणि चिवड्यापुढे वाळलेलं गवत.

"हा कसला रे पंक्तिप्रपंच?" (म्हणजे एकाच पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरंच वाढणं.) केतकी चिडली. तिच्या घरी असं कधी चालत नसे. वाढपीची पाठ वळली की ती उंदरांच्या खाण्यातलं मूठभर चिवड्यालाही देऊ लागली. उंदरांना कुठे काय होतंय? चार महिने ही पंगत बिनबोभाट चालली.

मग तपासणीच्या दिवशी वाढपी म्हणाला, "चिवड्याचं रक्त दुधाळ झालं आहे. धमनीत (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीत) आतल्या भिंतीवर चरबीचे थर आहेत."

"गवत खाणाऱ्या सशाला? अरे, तूच बिघडलायस," आबा म्हणाले. "उद्या तुला उघडून बघतो."

वाढपी मान खाली घालून उभा राहिला. ते काही केतकीला बघवेना.

"त्याचं काही चुकलं नाही, आबा. मीच उंदरांचं खाणं घातलं चिवड्याला."

"अगं, मला विचारायचंस तरी!"

"कधी विचारू? तुम्ही असता कुठे?"

आबा चष्मा काढून पुसत राहिले. शेवटी केतकीनेच विचारलं, "चिवडा मरेल का हो? आणि मग उंदरांना का नाही काही झालं?"

आबांनी तिला शेजारी बसवलं. "कोलेस्टेरॉल (शरीराला थोडासा लागणारा मेणचट पदार्थ) रक्तात विरघळत नाही. म्हणून ते बारीक बारीक कणांत भरून फिरतं. त्या कणांना तू गाड्या समज. एलडीएल नावाच्या गाड्या माल शरीरभर पोचवतात. त्या फार झाल्या की धमनीच्या भिंतीत घुसतात आणि थर धरतो. एचडीएल नावाच्या गाड्या उरलेला माल यकृताकडे परत नेतात."

"मग परतीच्या गाड्या आहेत की!"

"आहेत ना. पण मधे एक हमाल असतो. सीईटीपी नावाचं प्रथिन. ते परतीच्या गाडीतलं कोलेस्टेरॉल उचलून पोचवणाऱ्या गाडीत टाकतं, आणि तिथली दुसरी चरबी इकडे आणून ठेवतं."

"लबाडच आहे!"

"लबाड कसलं, त्याचं कामच ते. सशाच्या रक्तात असे हमाल रग्गड. आणि उंदराच्या?"

केतकीने पिंजऱ्याकडे पाहिलं. बारा उंदीर मजेत मिशा पुसत होते. "कमी?"

"एकही नाही!"

"म्हणून त्यांचा माल परतीच्या गाडीतच राहतो!"

"शाब्बास. कारण एवढं एकच नाही, पण हे मोठं. उंदरांच्या रक्तात मुद्दाम हा हमाल आणला, तेव्हा बऱ्याच प्रयोगांत त्यांच्याही धमन्या बिघडल्या. काही प्रयोगांत मात्र उलटंच झालं. सशांमधला हमाल रोखला, तर थर कमी धरले. माणसांत नुसता रोखून फारसं साधलं नाही."

"म्हणजे कोडं अजून सुटलेलं नाही?"

"अर्धंच सुटलंय. उरलेल्या अर्ध्यापायी तर मी जेवायचं विसरतो." आबांनी चिवड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "चिवड्याचे थर अजून कोवळे आहेत, बाळा. तुपकट बंद केलं की वाढायचे थांबतील, कदाचित थोडे ओसरतील. पण खात्री नाही देता येत."

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकीने चिवड्यापुढे गवत ठेवलं. त्याने हुंगलं, तोंड फिरवलं आणि तिच्या मुठीकडे बघत बसला. केतकीला हुंदकाच फुटला. आजवर कुणाला ‘नाही’ म्हणताना तिला इतकं जड गेलं नव्हतं.

एवढ्यात दार सरकलं. ताट सांभाळत आबा आत आले आणि कण्हत कण्हत जमिनीवर मांडी घालून बसले.

वाढपीचे दिवे लुकलुकले. "उंदरांना एक, सशाला दुसरं, माणसांना तिसरं. हा पंक्तिप्रपंच नाही का?"

"नाही रे," केतकी डोळे पुसत म्हणाली. "ज्याला जे सोसतं, ते त्याच्या पानात. फक्त बसायचं सगळ्यांनी एकदम."

चिवड्याने बराच वेळ वाट पाहिली. मग नाराजीनेच गवताची एक काडी ओढली. तेवढ्यात भिंतीवरची घंटा वाजली. प्रयोगशाळेतून आबांना बोलावणं आलं होतं.

"आलोच," आबा तिकडे ओरडून म्हणाले, आणि केतकीच्या डब्यातली भाजी त्यांनी आपल्या ताटात वाढून घेतली.