तबली लावण्याआधी

ते साल दोन हजार एकवीस. करोनाची दुसरी लाट ओसरली होती आणि मिरजेच्या दवाखान्यांपुढची गर्दी पुन्हा नेहमीच्या आजारांची झाली होती. त्याच सुमाराला रशीदाबींची नात अर्फा रहिमतपूरहून आजोळी राहायला आली. सोबत कपड्यांची एक पिशवी होती, आणि टेंपोतून उतरवायला दोन माणसं लागली असा एक लांबट, चपटा, पोलादी डबा.

"ह्ये काय गं?" रशीदाबींच्या मुलानं, शाहनवाजनं विचारलं. "तुझ्या लग्नाची ट्रंक म्हणायची का?"

"सर्व्हर हाय, मामू. पुण्यातल्या एका हापिसानं मोडीत काढलेला. ट्रंक तुमी घ्या नंतर."

अर्फाची नोकरी लाटेत गेली होती. नवी मिळवायची तर एक अवघड परीक्षा द्यायची होती, आणि तिचा सराव करायला घरातच एक लॅब लागणार होती. रहिमतपूरच्या घरावर पत्रा होता, उन्हानं यंत्र तापलं असतं. मिरजेच्या घराला मात्र माडी होती. खाली गल्लीच्या अंगाला तंबोऱ्यांचं दुकान, मागं स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, आणि वर भोपळे वाळवायची माडी. दोन्हीकडून वारा, ओल अशी नाहीच. आढ्याला टांगलेले भोपळे बारा महिने तिथं वाळत असायचे आणि सगळ्या माडीला सुक्या सालीचा, लाखेच्या पॉलिशचा वास असायचा. तो वास रशीदाबींच्या नाकात लग्नापासून बसलेला. नवी नवरी म्हणून या घरात आल्या तेव्हा पहिले काही दिवस त्यांना वाटायचं, आपला नवराच मुळात असा वास घेऊन जन्माला आला असेल.

तो नवरा म्हणजे मौला. आता पंचाहत्तरी ओलांडलेला. लहानपणापासून तंबोरे घडवत आलेला, घोडी घासून जवारी काढण्यात, म्हणजे तारेचा सूर खुलवण्यात, ज्याचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं असा. पण गेल्या वर्षापासून मौलाचं काहीतरी सुटत चाललं होतं. कानस हातात घेऊन ती कशाला घेतली ते विसरायचा. शाहनवाजला भावाच्या नावानं हाक मारायचा, आणि तो भाऊ जाऊन तर जमाना झाला होता.

अर्फानं माडीच्या कोपऱ्यात यंत्र मांडलं, वायरी जोडल्या, आणि पंखे फिरायला लागले. मौला जिन्यातच थांबला. मान तिरकी करून ऐकत राहिला.

"काळी एकला बोलतंय," तो म्हणाला.

खरंच होतं. यंत्र एकाच सुरात, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत गुणगुणत होतं, आणि नीट कान दिला तर आढ्याचे भोपळेही त्याच्यासोबत अगदी बारीक घुमत होते.

आजीनं विचारलं म्हणून अर्फानं समजावून सांगितलं. यंत्र एकच, पण त्याच्या पोटात ती पाच वेगळी यंत्रं उभी करणार. खरी नव्हेत, पण खऱ्यासारखी चालणारी. एका घरात पाच बिऱ्हाडं राहावीत तशी. प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच. शेजारच्याची चाहूलसुद्धा नाही.

"आन् घरमालक?" रशीदाबींनी विचारलं.

"तो त्यांना दिसत न्हाई, नानी."

मौलानं त्या दिवसांत एक तंबोरा करायला घेतला होता. हा आपला शेवटचा, असं तो अधूनमधून म्हणायचा. भोपळा कापून, दांडी जोडून झाली होती. वर तबली, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी पाटी, लावायची राहिली होती. त्यांच्या घरात एक रीत होती. नवा तंबोरा पुरा होईतो बोलत्या तंबोऱ्याला टेकून ठेवायचा. भोपळ्याला सूर पाजायचा, असं म्हणायचे. मौलानं या खेपेला तो अर्फाच्या यंत्राला टेकून ठेवला. शाहनवाज हसला, पण बापाला कोण अडवणार?

एका शुक्रवारी मौला जुम्म्याची नमाज पढून आला तो डोक्यानं अगदी लख्ख होता. सगळ्यांना नावानं ओळखत होता. रशीदाबी चहा घेऊन माडीवर गेल्या तेव्हा तो भोपळा उन्हात फिरवून आतून बघत होता. वर न बघताच म्हणाला, "रशीदा, ह्यो बोलणार बघ. तुझ्यापरास गोड."

इतक्या वर्षांत त्यानं असं काही म्हटलं नव्हतं. रशीदाबींनी कप त्याच्या हाताशी ठेवला. पलीकडं अर्फा लॅपटॉपवर काहीतरी दाबत होती.

"काय करतीस?"

"स्नॅपशॉट घेतला. आत्ता सगळं नीट चाललंय न्हवं? त्याचं चित्र काढून ठेवलं. पुढं बिघडलं, की परत हितंच यायचं."

"आन् मधलं?"

"मधलं जातं," अर्फा म्हणाली.

पुढचे काही आठवडे नेहमीसारखे गेले. मौला पुन्हा धूसर होत गेला. शाझिया, म्हणजे शाहनवाजची बायको, गल्लीतून एक पांढरं मांजराचं पिल्लू घेऊन आली. लग्नाला नऊ वर्षं होऊन तिला मूल नव्हतं, त्यामुळं पिल्लाचे लाड फार. त्याच्या गळ्यात तिनं एक घुंगरू बांधलं. पिल्लानं रशीदाबींच्या मनगटावर ओरबाडलं आणि घुंगरू माडीवर सुटून पडलं. हरवू नये म्हणून रशीदाबींनी ते हाताशी होतं त्या उघड्या भोपळ्यात टाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अर्फाचं सगळं बिघडलं. तिनं वैतागून यंत्र त्या शुक्रवारच्या चित्रावर परत नेलं.

रशीदाबी चहा घेऊन वर आल्या. मौला भोपळा उन्हात फिरवत होता.

"रशीदा, ह्यो बोलणार बघ. तुझ्यापरास गोड."

आवाज तोच, मान तिरकी तशीच. डोळे लख्ख. त्यानं चहा घेतला, शाहनवाजची चौकशी केली, जवारीला कुठलं हाड वापरायचं ते सांगितलं. रशीदाबी आनंदानं खाली गेल्या आणि पिल्लाला दूध घातलं. पिल्लू आलं नाही.

"कुठलं पिल्लू, अम्मी?" शाझियानं विचारलं. ती थट्टा करत नव्हती. शाहनवाजलाही आठवत नव्हतं, अर्फालाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारीख पुढचीच होती. फक्त घर मागं गेलं होतं. घातलेल्या लोणच्याची बरणी कोरडी होती. कुंडीत रुजलेली गुलाबाची फांदी नव्हती.

रशीदाबींच्या मनगटावर ओरखडा मात्र होता. त्या माडीवर गेल्या, भोपळ्यात हात घातला. घुंगरू आतच होतं.

त्यांनी ते परत आत टाकलं. या वयात असलं सांगायला गेलं, तर मौलाच्या शेजारी आपलीही खाट टाकतील, हे त्यांना कळत होतं. पण त्यानंतर मौला धूसर झाला, की त्या अर्फापाशी जाऊन बसायच्या. "बाळ, तुझं ते यंत्र जरा मागं ने की."

"कशाला, नानी? चाललंय चांगलं."

"ने गं. मला ते गुणगुणणं आवडतं."

अर्फाला वाटायचं, म्हातारीला नवं खेळणं सापडलंय. सराव म्हणून तीही न्यायची. आणि मग चहाचा कप, तिरकं ऊन, आणि तेच वाक्य. रशीदाबींना ते दिवस पुढं स्वप्नासारखे आठवायचे. एकच दुपार, पुन्हा पुन्हा धुवून वाळत घातलेल्या साडीसारखी मऊ होत गेलेली. मौला त्यांना लग्नातल्या गोष्टी सांगायचा. जाऊन जाऊन काय जायचं? एखादी लोणच्याची बरणी, नवे पडदे, शेजारणीशी झालेला समेट. समेट परत करता येत होता.

बावीस साल त्या घरातून कसं गेलं, ते मात्र पुढं कुणालाच धड सांगता येईना. रशीदाबींनाही नाही; दर खेपेला मागचं थोडं थोडं त्यांच्याही मनातून निसटत गेलं होतं. त्या वर्षीचे आंबे खाल्ले का, ईदला कोण आलं, काहीच हाताला लागेना. त्यांनी ते वयावर घातलं. शाझिया तेवढी काही दिवस उंबऱ्यात बसून असायची. "अम्मी, हात लय भरून येतात," म्हणायची. "कुणाला तरी घेऊन फिरल्यागत." मिरजेत डॉक्टरांची काय कमी! एकाला दाखवलं, त्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या.

तेवीसच्या उन्हाळ्यात शाझियाला दिवस गेले. शाहनवाजनं गल्लीत पेढे वाटले. रशीदाबींनी बाळाचं टोपडं शिवायला घेतलं. त्यांच्या आईनं शिकवलं होतं तसं, पांढऱ्या मलमलचं, दुहेरी शिवणीचं. मुलगी झाली तरच किनारीला जरीच्या फितीचा चंदेरी गोटा लावायचा, आणि तोही जन्म झाल्यावर. आधी नाही.

टोपडं शिवताना त्यांच्या हातातली सुई थांबली. मधलं जातं. अर्फाचे शब्द.

त्यानंतर त्या माडीवर यंत्रापाशी गेल्या नाहीत. आणि मौला बुडत चालला. एकदा सकाळी त्यानं त्यांच्या हातातला चहा घेतला नाही. अंग चोरून बसला आणि अदबीनं म्हणाला, "बाई, तुमी कुणाकडं आलाय? घरातली माणसं भाईर गेलीत."

रशीदाबींनी कप खाली ठेवला. पाच पायऱ्या चढल्या. थांबल्या. वरून काळी एकचा सूर येत होता. अर्फाला एकदा 'मागं ने' म्हणायचं, की दुपारी हाच माणूस आपल्याला नावानं हाक मारणार.

खाली शाझिया गुणगुणत भांडी घासत होती.

त्या माडीवर गेल्या.

"अर्फा, ते शुक्रवारचं चित्र पुस."

"नानी, पुसलं तर परत जाता यायचं न्हाई."

"पुस."

अर्फानं बटणावर बोट ठेवलं आणि क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. "मला असं का वाटतंय, की ह्ये आपण आधी पण बोललोय?"

"पुस गं बाळ."

तिनं पुसलं. पंख्यांचा आवाज एकदम खाली उतरला.

भोपळे थोडा वेळ तसेच घुमत राहिले.

त्याच आठवड्यात मौलानं तंबोऱ्याची तबली लावायला घेतली. डोकं जागेवर नव्हतं, पण हात जागेवर होते. सरस लावण्याआधी तो भोपळ्यात वाकून बराच वेळ बघत राहिला. रशीदाबींना घुंगरू आठवलं. ते काढून घ्यावं म्हणून त्या पुढं झाल्या, तर मौलानं त्यांचा हात धरला.

"हळू, बाई," तो म्हणाला. "आत पोर निजलंय."

आणि तबली दाबून बसवली.

शाझियाला मुलगा झाला. त्याचं नाव राहील ठेवलं. टोपड्याला गोटा लावला नाही.

मौला पुढच्या रमजानच्या आधी गेला. शेवटपर्यंत त्यानं रशीदाबींना ओळखलं नाही, पण त्यांच्या हातचं खाताना कधी नाही म्हणाला नाही. अर्फा परीक्षा पास झाली. आता ती पुण्यात असते, फोनवर मामूची थट्टा करते. ते यंत्र जाताना तिनं सांगलीच्या भंगारवाल्याला दिलं. शाहनवाज दुकान चालवतो, आणि जवारी बापासारखी निघत नाही, हे आता स्वतःच कबूल करतो. राहील दीड वर्षाचा झालाय, पत्र्याच्या डब्यावर ताल धरतो. रशीदाबींना माडीचा जिना चढवत नाही. त्या दुकानाच्या पायरीवर ऊन खात बसतात. कुणी विचारलं नाही तरी मनाशी म्हणतात, की आपण योग्य तेच केलं. नवऱ्याच्या तोंडचं आपलं नाव सोडलं आणि पोर राखलं. हे एक काम आयुष्यात चोख झालं.

मौलाचा शेवटचा तंबोरा तेवढा विकला गेला नाही. छेडला की आत काहीतरी खुळखुळायचं. परवा शाहनवाजनं कंटाळून तबली उचकटली. रशीदाबी पायरीवरच होत्या. हसून म्हणाल्या, "घुंगरू हाय आत. मांजराचं. मीच टाकलेलं."

घुंगरू निघालं. शाहनवाजनं पुन्हा आत हात घातला.

"ह्ये काय, अम्मी?"

पांढऱ्या मलमलचं टोपडं होतं. दुहेरी शिवण. टाका रशीदाबींचा, तो त्यांनी अंधारातही ओळखला असता. नवं नव्हतं. धुवून धुवून विरलेलं, बंद चोखून बोथट झालेले, कानाशी दुधाचा पिवळट डाग. राहीलचं टोपडं पेटीत होतं, ते त्यांनी कालच उन्हाला घातलं होतं.

या टोपड्याला किनारीनं चंदेरी गोटा लावलेला होता.

शाझिया हात पुसत दारात आली. टोपडं घेतलं, नाकाशी धरलं, आणि उभ्या उभ्या तिचे दोन्ही हात सावकाश हलायला लागले, कुणाला तरी निजवत असल्यासारखे.