डावं चाक

२००६ चा ऑक्टोबर. रविवारी दुपारी शिरीष आणि वृंदा हॉलंडमधल्या झूटरमेर गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये गेले, ते जुन्या कॅरॅव्हॅनची चाकं उघडायला. ती विकायची होती, संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

गाडीमागे ओढायचं ते १९७१ सालचं चाकांवरचं घर रायस्वाइकच्या तीन मराठी कुटुंबांनी मिळून घेतलं होतं. कल्पना शिरीषची. जुनं फेकायचं नाही, स्वतःच्या हातानं दुरुस्त करायचं, यावर तो तासभर बोलू शके. दर मार्चमध्ये तो ब्रेक आणि बेअरिंग उघडून बघे. वृंदाचा नवरा राजन हत्यारांच्या डब्यावर बसून वहीतली एकेक पायरी वाचे, शिरीष ‘झालं’ म्हणे, मग राजन खूण करी.

या मार्चमध्ये राजनला यायला जमलं नाही. बाहेर गारठा, पाऊस. शिरीषनं उजवं चाक उघडलं. बेअरिंग चकचकीत, ब्रेकचे शू जाड, न झिजलेले. ऑफिसात तो सॉफ्टवेअर तपासायचा. दोन सारख्या भागांतला एक पास झाला की दुसऱ्यालाही पास लिहून मोकळं व्हायची सवय. त्यानं वहीत डाव्या चाकापुढेही खूण केली. खाली सही.

जुलैमध्ये राजन एकटाच कॅरॅव्हॅन समुद्रकाठच्या कॅम्पिंगवर पोचवायला निघाला. हायवेवर डाव्या चाकातून धूर आला. तो उजव्या कडेला थांबला, उतरला, डावीकडे, वाहत्या रस्त्याच्या बाजूला गेला. मागून ट्रक आला.

लोक म्हणाले, इतकी जुनी वस्तू एवढ्या वेगानं ओढतात का? शिरीषही म्हणाला, “राजनला घाईच फार.” वृंदाच्याच घरी, तिनं केलेला चहा पीत.

शेडमध्ये ओल्या गवताचा आंबूस वास होता. दाराबाहेर धुकं इतकं दाट, की गाडीसुद्धा दिसत नव्हती.

“आज राजनच्या जागी मी,” डब्यावर बसत वृंदा म्हणाली. “चुकलं तर हसू नकोस. जॅक लावला?”

“झालं.”

उजवं चाक आटोपलं. वृंदा थर्मास आणायला धुक्यात गेली. शिरीष डावीकडे आला, हातोडीनं हबची टोपी सैल केली. जळकट वास आला. आत ग्रीस नव्हतंच, नुसती काळी, कोरडी भुकटी.

“पिन काढली?” पलीकडून, डब्याच्या बाजूनं आवाज आला.

“झालं,” तो सवयीनं म्हणाला.

“नट सैल केला?”

“झालं.”

“बेअरिंग बाहेर काढून पाहिलं?”

आवाज बाईचा नव्हता. शिरीषनं हळूच कॅरॅव्हॅनखालून पाहिलं. डबा दिसत होता. त्याच्यापुढे कुणाचे पाय नव्हते.

“पाहिलं का... मार्चमध्ये?”

शिरीषचे कान तापले. पळावं असं त्याच्या मनातही आलं नाही. फक्त तोंड कुठेतरी लपवावंसं वाटलं. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

वृंदा दोन कप घेऊन आली, तेव्हाही तो तसाच होता.

“वृंदा... मार्चमध्ये मी हे चाक उघडलंच नव्हतं. वहीतली खूण खोटी आहे. राजनची काही चूक नव्हती. आणि तरी मी तुझ्यासमोर...”

तिनं कप सावकाश जमिनीवर ठेवले.

“तू काहीतरी सांगशील म्हणून तीन महिने थांबले,” ती म्हणाली. “पण मला वाटलं होतं, दुसरंच सांगशील.”

“दुसरं काय?”

“त्यानं हायवेवरून मला फोन केला होता. म्हणाला, धूर येतोय, पण काळजी करू नकोस, शिरीष आलाय. डाव्या चाकाशी वाकून बसलाय. हाका मारतोय, तर वर बघत नाही...”

“मी त्या दिवशी कामासाठी आइंटहोवनला होतो.”

“माहीत आहे. मी तुझ्या ऑफिसात चौकशी केली. म्हणूनच तुला विचारायचा धीर होत नव्हता.” ती त्याच्याकडे बघत नव्हती. “फोन चालूच होता, शिरीष. ट्रकच्या आधी मला तुझा आवाज ऐकू आला. अगदी जवळून. म्हणालास, ‘राजन, या बाजूनं ये...’”