जलकर्णाचे गुरू

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर सोनवड गावचं नळांचं जाळं पसरलं होतं. त्यावर चाळीस लाल ठिपके होते आणि त्या चाळीसही गळत्या खऱ्या निघाल्या होत्या. तरी डोंगरवस्तीला पाणी चढत नव्हतं. तिथं एकही ठिपका नव्हता.

डॉ. मृणाल खानोलकर यांनी बनवलेलं 'जलकर्ण' हे यंत्र पाइपला चिकटवलं, की आतल्या आवाजावरून गळती ओळखे. त्याला शिकवलं होतं नगरपालिकेचे व्हॉल्व्हमन हसनभाई मुलाणी यांनी. सहा महिने ते पाइपवर लोखंडी सळई टेकवून कान लावत, 'गळतंय' किंवा 'नाही' म्हणत. तेच उत्तर यंत्र त्या आवाजाशी जोडून ठेवी.

"तुमचा विद्यार्थी कच्चा राहिला, मॅडम," हसनभाई म्हणाले.

"विद्यार्थी तुमचा. मी नुसती पाटी दिली."

मृणालनी डोंगरवस्तीतलं एक ध्वनिमुद्रण लावलं. किणकिणता, तारेसारखा बारीक आवाज खोलीभर पसरला.

"लावा की," हसनभाई म्हणाले.

मृणालचा हात थबकला. "लावलंय, हसनभाई."

त्यांनी कान पुढे केला.

"छिद्र जितकं बारीक, तितका आवाज उंच," त्या हळूच म्हणाल्या. "आणि वय वाढलं, की कानातून आधी उंच आवाज जातात. यंत्राला हा ऐकू येतो. पण तुम्ही 'नाही' म्हणालात, म्हणून ते यालाही 'नाही' म्हणतं."

"म्हणजे माझं बहिरेपणसुद्धा शिकलं?" हसनभाई यंत्राकडे वळले. मग हसले. "इमानी आहे हो. आता याला कोवळ्या कानाचे मास्तर हवेत. पालिकेच्या शाळेत सातवीचा वर्ग भरलेला आहे."

रविवारी सकाळी पाणी सुटल्यावर जलकर्ण सोबत घेऊन डोंगरवस्तीच्या पाइपांपाशी सातवीच्या मुली बसल्या. सळई कशी धरायची, श्वास कसा रोखायचा, हे हसनभाईंनी एकेकीला दाखवलं.

"गळतंय, चाचा," शबरी कांबळे म्हणाली.

"वाऱ्याचा आवाज असेल."

"वारा कुठाय? तुम्हीच ऐका."

हसनभाईंनी गुडघे टेकले, सळईला कान लावला, डोळे मिटले. मृणाल नोंदवही घेऊन शेजारी उभ्या होत्या.

"आलं ऐकू?" त्यांनी विचारलं.

"नाही आलं," ते उठत म्हणाले. "म्हणूनच लिहा. गळतंय."

मुलींनी अशा अकरा जागा दाखवल्या. त्या बुजवल्यावर चौथ्या दिवशी डोंगरवस्तीतल्या शेवटच्या नळाला पाणी चढलं.