मागल्या दाराचं ताट

लाईट गेलीया तवर सांगतो. उजेडात मला सांगायला जमत न्हाय, आणि तुमालाबी ऐकायला मजा यायची न्हाय.

हे मी डोळ्यानं बघितलेलं न्हाय, ते आधीच बोलून ठेवतो. शिरोळकडच्या भूपाल अण्णानं सांगितलं. त्येच्या मळ्यात मी तीस वर्सं उसाला पाणी पाजलंय, माणूस मला ठावं हाय. खोटं बोलायचं झालं की अण्णा आधी दोनदा खाकरतो. हे सांगताना एकदा बी खाकरला न्हाय. हसू नगंस अक्षता, ध्यान ठेवून बसलोतो मी.

चोवीस सालची नाताळची सुट्टी. पोरांनी हट्ट धरला म्हणून अण्णानं गगनबावड्याला आठ दिसांसाठी बंगला भाड्यानं घेतला. बंगला म्हणजे काय, दोन खोल्या, पुढं बसायचा सोपा आणि मागं स्वयंपाकघर. मागलं दार उघडलं की एक लांब फरशीची पायरी, पुढं गवत, मग दरी. खाली सगळं कोकण. अण्णा, त्येची बायको सोनल, दोन बारकी पोरं आणि अण्णाची आई राजमती आक्का, एवढी माणसं.

आक्काचं जरा सांगायला पायजे. जैनाघरची बाई. विसाव्या वर्सी नेम घेतला की सूर्य बुडाल्यावर तोंडात पाण्याचा थेंब न्हाय, चूल पेटवायची न्हाय आणि कुणाला वाढायचं बी न्हाय. आता वय अठ्ठ्याहत्तर. मधी एकदा दवाखान्यात पडली, तवा डॉक्टर हात जोडून थकला. नेम मोडला न्हाय.

तर तीस डिसेंबर, सोमवार, अमावस्या. दुपारी चारला अण्णा स्टँडजवळ भाजीला गेलता. गवारी, दोडका, कोथिंबीर. परत येताना बंगला झाडायला येणारी शालूबाई रस्त्यात भेटली.

"पावणं," ती म्हणाली, "अवसंच्या रातीला एक ताट मागल्या दाराला ठेवत्यात हितं. इसरू नगा."

अण्णाला वाटलं, म्हातारी स्वतःच्या जेवणाचं बोलतीया. लाजत असंल. आपल्यात कुणी जेवण मागितलं की न्हाय म्हणायचं नसतं. तो म्हणाला, "मावशी, आमचं रातचं नसतं. सहाच्या आत उरकतो आमी. तुमीच या की पाचला. पोटभर जेवून जावा."

"मला नगं ओ."

"मग कुणाला?"

शालूबाई दरीकडं बघत उभी राहिली. मग झाडू काखेत मारला आणि गेली. अण्णानं घरात काय सांगितलं न्हाय. सांगण्यासारखं वाटलंच न्हाय त्येला.

साडेपाचला जेवणं झाली. भांडी घासून पालथी घातली. पोरं नवाला झोपली, दहाला सगळी.

रात्री एक वाजून वीस मिनिटं. अण्णानं मोबाईल बघितला म्हणून पक्कं.

मागनं आवाज आला. रिकामं ताट फरशीवरनं सरकवल्यागत. थांबला. परत आला.

अण्णाला वाटलं कुत्रं. बॅटरी घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. तवर दारावर थाप पडली. आता नीट ऐका. माणूस दार वाजवतो ते छातीएवढ्या उंचीवर. ही थाप खालनं आली. उंबऱ्याच्या वर, हातभर.

कुणीतरी पायरीवर बसलं हुतं. बसून वाजवत हुतं.

"कोण हाय?"

मग आवाज आला. बाईचा का बाप्याचा, कळंना. एकच शब्द.

"वाढ…"

सोनल मागं येऊन उभी हुती. अण्णाला तवा शालूबाईचं बोलणं उमगलं. त्यानं बायकोला सांगितलं, आणि सोनल सरळ डब्याकडं वळली. "दुपारची भाकरी हाय. देऊन टाकू."

"ठेव ती."

आतल्या दारात आक्का. हातात माळ, डोक्यावर पदर.

"आत्ती, पोरं हायत घरात," सोनल म्हणाली.

"हायत की. म्हणूनच ठेव. भिऊन नेम मोडायचा असतो, हे शिकवायचं हाय व्हय त्येंना?"

अण्णा म्हणाला, "आक्का, मी गाडी काढतो. आत्ताच्या आत्ता निघू."

"का? भुकेल्या माणसाला भिऊन पळायचं?"

"माणूस न्हाय ते."

"मग भूक खोटी हाय का?"

थाप पडली. जोरात. कडी हालली.

आक्का पुढं गेली, दाराला पाठ टेकून खाली बसली. बाहेर कोण बसलंय, आणि आत ही. मधी बोटभर लाकूड. तोंड वळवून दाराशी बोलली, शेजारणीशी बोलावं तशी.

"ऐक. अठ्ठावन्न वर्सं झाली, मी दिस बुडाल्यावर कुणाला वाढलं न्हाय. पोटच्या पोराला न्हाय, तुला बी न्हाय. पर माझ्या दारातनं उपाशी कोण गेलेलं न्हाय, तू बी जायचं न्हाईस. दिस उगवू दे. तवर मी हितंच बसतो. तुला काय घाई हाय?"



दाराखालनं गार वारा आला. बॅटरीचा उजेड बारीक झाला. दार आतल्या अंगाला वाकलं. अण्णा म्हणतो, फळी वाकलेली दिसली. आक्काचं डोकं पुढं आलं.

"वाढ…"

"दार मोड. मोडलंस तरी चूल पेटायची न्हाय."



मग फळी… हळूच… मागं गेली.

त्यानंतर काय न्हाय. एक आवाज न्हाय. आक्का माळ ओढत बसली. अण्णा आणि सोनल भिताडाला टेकून बसली. तीन वाजलं. पाच वाजलं. साडेसातला दरीवर ऊन आलं, तवा आक्का गुडघं धरून उठली आणि कडी काढली.

पायरीवर कोण नव्हतं. सगळी फरशी दवानं भिजून काळी पडलेली. मधी तेवढी जागा कोरडी. माणूस बसतो, तेवढी.

"बसला बिचारा रातभर," आक्का म्हणाली. शेगडी पेटवली. गरम भात, आमटी, गवारीची भाजी, वर तूप. ताट त्या कोरड्या जागंपुढं ठेवलं आणि आत आली. तासाभरानं ताट रिकामं हुतं. मी त्याचं काय म्हणत न्हाय, कावळी बी हुती.

दहाला शालूबाई आली. उन्हातलं ताट बघितलं, माणसं बघितली.

"रातचं ठेवलं न्हाईसा?"

"न्हाय," आक्का म्हणाली.

"आणि… हाईसा तुमी अजून."

"शनवारपातूर हाय."

अण्णानं पिशव्या भरल्या हुत्या. आक्कानं त्या परत सोडाय लावल्या.

त्या रातीला थाप न्हाय, ताट न्हाय, काय न्हाय. सगळी झोपली. सकाळी ऊन आल्यावर, पोरं आत झोपलेली असतानाच, आक्कानं दार उघडलं आणि अण्णाला हाक मारली. तो गेला.

पायरी दवानं भिजलेली. कोरड्या जागा दोन. एक कालची. आणि तिला चिकटून दुसरी… लहान. लेकराएवढी.