चार कोपरं

एअरब्रशने रंग मारला की सगळाच रंग चित्रावर बसत नाही. थोडा हवेत उडतो आणि मग सावकाश खाली येतो, पिठाच्या गिरणीत सगळीकडे पीठ बसतं तसा. टेबलावर, खिडकीच्या काचेवर, चष्म्यावर, भुवयांवर. चाळीस वर्षं मी फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत हे काम केलं आणि रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने टेबल पुसलं. पुसण्याआधी माझ्या बाजूला दोन लांबट, स्वच्छ डाग दिसायचे. काम करताना माझी कोपरं तिथे टेकलेली असत, त्यामुळे त्यांच्याखाली रंग पोचत नसे. समोरच्या बाजूला आणखी दोन डाग असायचे. ते ह्यांचे.

हे म्हणजे माझे यजमान. फोटोतली जुनी भिंत घालवून तिथे ढग आणायचे, उडालेली भुवई परत आणायची, ही कामं माझी. एअरब्रश सांभाळायचं काम ह्यांचं. आम्ही त्याला गन म्हणायचो. प्रत्येक रंगानंतर वाटीत साधं पाणी घालायचं आणि गनमधून स्वच्छ पाणी उडेपर्यंत मारत राहायचं. मग गनच्या तोंडावर बोट दाबून हवा उलटी फिरवायची, म्हणजे वाटीत बुडबुडे येतात आणि आत अडकलेला रंग सुटतो. शेवटी सुई मागून हळूच ओढून काढायची आणि मऊ फडक्यात फिरवत पुसायची. सुईचं टोक हे नखावरून ओढून बघत. जरा जरी अडकलं तर टोक वाकलेलं आहे आणि गन उद्या थुंकणार, हे नक्की.

"माझे केस कधी विंचरले नाहीत एवढ्या मायेने," मी म्हणायची.

"तुझे केस थुंकत नाहीत," हे म्हणायचे.

माझं काम चालू असताना समोर बसायचं, दोन्ही कोपरं टेकायची, हनुवटी तळव्यांवर ठेवायची आणि गनचा आवाज ऐकायचा, हा ह्यांचा नेम. लहानपणी झाडावरून पडून उजवं कोपर वाकडं बसलं होतं. त्यामुळे त्या बाजूचा डाग घेवड्याच्या बीसारखा दिसे.

त्या दिवशी दुपारी मी एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या फोटोमागे ढग घालत होते. ढग एका दमात घालावा लागतो. मध्येच हात थांबला तर रंग एका जागी साचतो आणि ढगाचा डाग होतो. गनला हवा पुरवणारा आमचा कॉम्प्रेसर जुना होता. टाकी भरेपर्यंत धडधडायचा आणि भरली की टक करून आपोआप बंद पडायचा. तो धडधडत असताना हे काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मग टक झालं आणि शेवटचे दोन शब्द तेवढे माझ्यापर्यंत आले.

"...बघ ना."

"हं. एवढा ढग होऊ द्या," मी मान वर न करताच म्हणाले.

डाव्या बाजूचा ढग छान उतरला. "झाला बघा," म्हणून मी वर पाहिलं. हे तसेच बसले होते, हनुवटी तळव्यांवर ठेवून. डोळे माझ्याकडे होते.

डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं झाली असतील. ढगालाही तेवढीच लागली होती.

ह्यांना उचलून नेलं तेव्हा टेबलावर ह्यांचे दोन डाग राहिले. दुसऱ्या दिवशी लेकीने येऊन खोली आवरली. माझ्या डोळ्यांसमोर पसारा नको, म्हणून टेबलही लख्ख पुसून टाकलं. तिला काय माहीत.

त्यानंतर सगळे ह्यांना 'ते' म्हणू लागले. जवळच्याला हे आणि लांबच्याला ते. माझ्या तोंडातून 'ते' काही निघेना.

"आई, तू अजून बाबा समोर बसल्यासारखी बोलतेस," लेक म्हणायची.

"चाळीस वर्षं समोरच बसले की गं."

दीड वर्षाने मी पुन्हा कामाला बसले. पहिल्याच दिवशी सुई धुताना हातातून निसटली आणि टोक वाकलं. फ्रेमा करून देणारा आमचा जुना माणूस अधूनमधून विटलेले फोटो आणून द्यायचा. "बाई, मेलेल्यांना इतकं तरुण करता, जरा माझ्याकडेही बघा," हा त्याचा ठरलेला विनोद. त्याच्यामुळे हात चालता राहिला.

दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी टेबल पुसायला फडकं घेतलं आणि थांबले. समोरच्या बाजूला दोन स्वच्छ डाग होते.

मी तेलकट हाताला दोष दिला. मग खिडकीच्या वाऱ्याला. दुसऱ्या दिवशी खिडकी लावली आणि टेबलावर नवा पांढरा कागद पसरला. संध्याकाळी कागद करडा झाला होता. समोर दोन जागा पांढऱ्या होत्या. उजवी घेवड्याच्या बीसारखी.

पुढच्या दिवशी काम करता करता मी वर पाहिलं. खुर्ची रिकामी होती. त्या संध्याकाळी कागदावर माझी दोनच कोपरं उमटली. पुढचे अकरा दिवस दोनच. बाराव्या दिवशी पुन्हा चार.

तेव्हापासून गन हातात असताना मी मान वर केली नाही. वर्षभर नाही. मान आखडायची, मानेखाली गाठ धरायची, पण संध्याकाळी चार डाग मोजले की बरं वाटायचं.

फ्रेमवाल्याच्या एकदा लक्षात आलं. "पाहुणे होते वाटतं?"

"होते."

"चहा तरी पाजलात का?"

"कामाच्या वेळी आलेल्याला कुठला चहा!"

तो हसला. पण त्यानंतर कधी त्या खुर्चीवर बसला नाही. फोटो घेऊन उभ्या उभ्याच जायचा.

या उन्हाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला. जिना चढवेना. लेकीने खोली सोडायचं ठरवलं, मला स्वतःकडे न्यायचं ठरवलं.

"टेबल?" मी विचारलं.

"आई, माझ्या घरात तुझी कॉट कशीबशी मावतेय. टेबल रविवारी सुतार नेणार आहे. शनिवारी चारला गाडी घेऊन येते."

शनिवारी मी दोनलाच वर गेले, एकेक पायरी बसत. पोस्टमास्तरांचा तो फोटो मी कपाटात जपून ठेवला होता. त्यांना दुसरा करून दिला होता. याच्या डाव्या बाजूला ढग होता, उजवी बाजू कोरी होती. मी करडा रंग कालवला, सुई नखावरून ओढून पाहिली, कॉम्प्रेसर लावला. माझं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. मान खाली ठेवली तर शेवटचे चार डाग मिळतील. वर पाहिलं तर तेही जातील. पण त्या दिवशी ह्यांनी मागितलं होतं ते तेवढंच होतं, आणि मी ढग पुरा केला होता.

कोपरं टेकली. कॉम्प्रेसर धडधडू लागला. उजवा ढग कडेने उतरायला लागला. पाऊण तास मी कडा मऊ करत राहिले. टाकी भरायची, रिकामी व्हायची, पुन्हा भरायची.

मग त्या धडधडीत कोणीतरी बोलायला लागलं.

शब्द कळत नव्हते. बोलण्याची चाल तेवढी कळत होती. ती मी झोपेतही ओळखली असती.

टक.

"...बघ ना."

मी हात थांबवला. ढगावर काळपट डाग पसरताना दिसला.

मान वर केली.

खुर्ची रिकामी होती. खिडकीतल्या उन्हात रंगाचं धुकं सावकाश खाली येत होतं.

"अहो, बघितलं," मी म्हणाले. "उशीर झाला. पण बघितलं."

खाली नजर गेली. समोरचे दोन्ही डाग होते. मी वर पाहिलं होतं, तरीही होते. उजवा घेवड्याच्या बीसारखा. मला इतकं हलकं वाटलं की गुडघे दुखायचेही थांबले.

मग मी माझी कोपरं उचलली.

माझ्या बाजूला टेबल सलग करडं होतं.

मी त्यावरून बोट ओढलं. रेघ उमटली नाही.